विकून का टाकत नाही?

गेल्या आठ महिन्यांत मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "गुरुजी, विकून का टाकत नाही?" विचारणाऱ्यांत मुलगा आहे, सून आहे, शेजारचे निवृत्त तलाठी आहेत, दूध घालायला येणारा पोरगा आहे. परवा तर पोस्टमननेही विचारलं. विकायची वस्तू म्हणजे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, पुढचं उजवं चाक काढून घोडीवर उभी केलेली १९८६ सालची जीप.

मी सगळ्यांना हसून "बघू" म्हणतो. मास्तरकीच्या चौतीस वर्षांत राग गिळायची सवय झालेली आहे. पण राग येतो, आणि तो का येतो हे आज एकदाचं लिहून टाकायचं ठरवलंय. ज्यांना नटबोल्टांत रस नाही त्यांनी मधले काही परिच्छेद गाळले तरी चालतील. (वर्गात असली सवलत मी कधी कुणाला दिली नाही.)

आधी एक गैरसमज दूर करतो. जुनी गाडी घरी दुरुस्त करण्यात म्हणे विलक्षण आनंद असतो, मन शांत होतं, माणूस स्वतःला सापडतो. असं लिहिणाऱ्यांनी कधी गाडीखाली पाठ टेकली असेल यावर माझा विश्वास नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गोणपाटावर उताणं पडायचं, डोळ्यांत गंजाचा चुरा, चष्म्यावर वंगणाचा थेंब, आणि हातातला पाना निसटून कपाळावर. उठायचं ते तीन हप्त्यांत. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग मडगार्डला धरून. उठल्यावर कळतं की ज्या पान्यासाठी उठलो तो खालीच गोणपाटाखाली होता. यात मन शांत वगैरे होत नाही. जन्मात कधी उच्चारले नव्हते असले शब्द या आठ महिन्यांत माझ्या तोंडून गेले. हिने एकदा स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, "साडेचार सुताशी."

हे साडेचार सूत काय प्रकरण आहे ते सांगतो. ही गाडी महिंद्रची एमएम ५४०. १९४९ साली मुंबईत माझगावला अमेरिकन विलीज जीप जोडायला सुरुवात झाली, त्याच घराण्यातली. म्हणजे सांगाडा, आख, पुढच्या चाकांची जोडणी हे सगळं अमेरिकन वळणाचं, इंचांत मोजलेलं. इंजिन मात्र प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचं, डिझेलवर चालणारं, आणि ते मिलिमीटरमध्ये. म्हणजे एकाच गाडीत दोन गणितं. वर बॉनेटखाली तेराचा, सतराचा पाना चालतो. खाली आखाकडे गेलात की सूत सुरू होतं. आपल्याकडचे फिटर इंचाचे आठ सूत करतात, म्हणजे नऊ-सोळांश इंच म्हणजे साडेचार सूत. त्याचे मिलिमीटर होतात चौदा आणि वर थोडेसे. चौदाचा पाना त्यावर चढत नाही. पंधराचा चढतो, एकदा फिरतो, आणि बोल्टचे सहाही कोपरे खाऊन टाकतो. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून दशमान पद्धत स्वीकारली. मी शाळेत जायला लागलो तेव्हा शेर जाऊन किलो येत होते. त्या कायद्याची खबर या जीपच्या पुढच्या आखापर्यंत अजून पोचलेली नाही.

माझ्याकडे पानेपेटी होती ती मिलिमीटरची. मुलाने दिलेली, चकचकीत, निळ्या डब्यातली. पहिल्याच दिवशी मी तिच्यातल्या पंधराच्या पान्याने दोन बोल्ट गोल केले. तिसरा तुटला. तुटलेला बोल्ट आत राहिला, त्यात छिद्र पाडून उलट्या आट्यांची खिळी घालून काढायला गेलो, तर ती खिळीच आत तुटली. ती इतकी कडक असते की तिच्यात पुन्हा छिद्रही पडत नाही. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्या मुलाला बोलावलं. त्याने राहिलेल्या बुंध्यावर एक नट ठेवून वेल्डिंग मारलं, निवू दिलं, आणि पान्याने हलकेच फिरवलं. बोल्ट लोण्यातून सुरी यावी तसा बाहेर आला. सगळं मिळून सात मिनिटं. मी त्यात चार दिवस घालवले होते. मुलगा आठवी नापास. पैसे विचारले तर म्हणाला, "राहू द्या गुरुजी, काय एवढं." मी बळेच शंभराची नोट त्याच्या खिशात कोंबली आणि तो गेल्यावर बराच वेळ त्या बोल्टकडे बघत बसलो.

आता जीप कुणाची ते सांगायला हवं. कागदोपत्री ती २०१८ पासून माझी आहे, पण ती माझ्या धाकट्या भावाची. आमचं गाव भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. वडिलांची ऐपत दोघांपैकी एकालाच शिकवायची होती. मी थोरला, मार्क बरे, म्हणून मी पुण्याला जाऊन मराठी घेऊन बीए झालो. तो सातवीनंतर औतामागे राहिला. पुढे १९९२ साली त्याने ही जीप एका सरकारी लिलावात घेतली आणि वडाप सुरू केलं. (वडाप कायदेशीर होतं का, असं कृपया विचारू नये. वरच्या वाड्यांना दुसरं वाहनच नव्हतं, एवढंच उत्तर माझ्यापाशी आहे.) या जीपने भाताची पोती वाहिली, नवऱ्यामुली वाहिल्या, बाळंतिणी वाहिल्या. दोन मुलींची शिक्षणं या जीपवर झाली. आणि तिचं जे काही मोडलं ते भावाने स्वतः, याच शेडमध्ये, याच गोणपाटावर दुरुस्त केलं.

मी दिवाळीत, मे महिन्यात गावी यायचो. पांढरा लेंगा-सदरा. शेडच्या दाराशी उभा राहून बघायचो. तो गाडीखालून म्हणायचा, "दादा, तू लांब हो, कपडे खराब होतील." आणि मी लांब व्हायचो. पंचवीस वर्षांत एकदाही मी बॅटरीसुद्धा धरली नाही.

आता बिघाडाकडे येतो. गेल्या पावसाळ्यानंतर गाडीला एक खोड लागली. चाळीसच्या वेगात उजवं चाक एखाद्या खड्ड्यातून गेलं की पुढची दोन्ही चाकं नाचायला लागत. स्टिअरिंग हातातून उसळी मारायचं, दिव्यांच्या काचा खणखणायच्या, आणि गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय हे नाचणं थांबायचं नाही. घाटरस्त्याला असं एकदा झालं की माणसाला सगळे देव आठवतात. मी गॅरेजं पालथी घातली. पहिल्याने सांगितलं टायरॉडची टोकं गेली. चारही बदलली. फरक शून्य. दुसऱ्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं. तिसरा म्हणाला, हे स्टिअरिंगच काढून टाका, पॉवर स्टिअरिंग बसवून देतो, चाळीस हजार. चौथ्याने बॉनेटवर टिचकी मारून पाहिली आणि विचारलं, विकून का टाकत नाही?

चौघांपैकी एकानेही चाक जमिनीवरून उचलून, वर-खाली दोन हातांनी धरून हलवून पाहिलं नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं भावाच्या काळातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला घरी आणलं तेव्हा. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, हात कापतात, काम सोडून दहा वर्षं झाली. त्यांनी चाक उचलायला लावलं, वर एक आणि खाली एक हात लावून ढकललं, कान तिरका केला, आणि म्हणाले, "किंगपिनची बेअरिंगं गेली. टायरॉडवर कशाला पैसे घातले?"

चाक डावी-उजवीकडे ज्यावर वळतं ती किंगपिन. दाराला वर-खाली बिजागऱ्या असतात तशी इथे वर एक आणि खाली एक बेअरिंग. बिजागरी खिळखिळी झाली की दार जसं धडधडतं तसं चाक धडधडतं. बेअरिंग बदलायचं म्हणजे ड्रम, ब्रेकची पाठप्लेट, आतला दांडा असं सगळं ओळीने काढत जायचं. पण खरी मेख पुढे आहे. बेअरिंगच्या टोपणांखाली पातळ पत्र्याच्या गोल चकत्या असतात, शिम म्हणतात त्यांना. कागदासारख्या पातळ असतात, पोस्टकार्डासारख्या जाड असतात. एक काढली की बेअरिंग घट्ट होतं, एक घातली की सैल. फार घट्ट झालं तर स्टिअरिंग जड जातं, सैल राहिलं तर चाक पुन्हा नाचतं. योग्य जाडी जमवण्यासाठी हाताशी निरनिराळ्या चकत्या लागतात. मिस्त्री म्हणाले, "चिंता नाही. तुमच्या भावाने डबाभर जमवल्यात. दुधाच्या पावडरीचा डबा. तारेत ओवलेल्या असतील बघा."

माझ्या पोटात खड्डा पडला.

भाऊ २०१८ मध्ये गेला. दिवस झाल्यावर मी शेड आवरायला घेतली होती. तिथे असे डबे पुष्कळ होते. त्यातल्या एकात गंजलेल्या पातळ कड्या होत्या, थोड्या थोड्या करून तारेत ओवलेल्या. मी तो डबा हातात घेऊन दोनदा बघितला, हे मला नीट आठवतं. मग बाकीच्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याच्या काट्यावर टाकला. सव्वीस वर्षं त्याने एकेक चकती जपून, जाडीप्रमाणे लावून ठेवली होती. मला त्यात कचरा दिसला, कारण ती काय आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं.

आता मूळ मुद्दा. "विकून का टाकत नाही" म्हणणाऱ्यांचा हिशेब मला समजतो. आतापर्यंत एकतीस हजार खर्च झाले आहेत. भंगारवाला पंचेचाळीस हजार द्यायला तयार आहे. माझ्या आठ महिन्यांची किंमत वेगळीच. गणित त्यांच्या बाजूने आहे, हे मी कबूल करतो. जुनं डिझेल इंजिन धूर टाकतं हेही कबूल. पण हे गणित मांडताना एक आकडा कुणीच धरत नाही. २०२१ च्या जुलैत पावसाने वरंधा घाट खचला, तळियेची दरड कोसळली, त्या आठवड्यात आमच्या वरच्या वाडीतल्या एका आजींना धाप लागली. वाडीपर्यंतचा शेवटचा तीन किलोमीटरचा चढ म्हणजे नुसता लाल चिखल. मुलाची नवी गाडी खालच्या पुलाशीच पोट टेकून बसली असती. चारही चाकांना जोर देणारी ही जीप वर गेली आणि आजींना घेऊन खाली आली. चालवत मी होतो, एकोणसत्तर वर्षांचा, जीव मुठीत धरून. ती जीप विकून आलेल्या पंचेचाळीस हजारांत अशी दुसरी कुठली गाडी येते ते मला कुणी सांगावं.

आणि गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही, हे तर साफ खोटं आहे. ती करणं दिवसेंदिवस अवघड केलं जातंय, ही वेगळी गोष्ट. बेअरिंग मागायला गेलो तर एका दुकानात सांगितलं, सुटं येत नाही, आख्खी नकल घ्या. (नकल म्हणजे चाक वळवणारा तो संपूर्ण लोखंडी सांधा. मराठीच्या मास्तराला हा शब्द पहिल्यांदा ऐकून फार बोलका वाटला होता, कारण दुकानातला मालही नकलीच होता.) ऑइल सील तीनदा आणलं. खोक्यावर चमकणारा शिक्का, आत प्लॅस्टिकसारखं कडक रबर. आठवड्यात वंगण चाकावरून ओघळायचं. परत घेऊन गेलो तर उत्तर, "चालतंय तोवर चालवायचं, सर." शेवटी पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या ओळीत हिंडलो. तिथे एका वयस्कर दुकानदाराने माझ्या हातातलं जुनं बेअरिंग बघितलं, त्याच्या कडेवरचा नंबर बोटाने पुसून वाचला, शिडी लावून माळ्यावर चढले आणि दोन खोकी खाली घेऊन आले. "आख्खी नकल कुणी सांगितली तुम्हाला?" असं म्हणून हसले. म्हणजे वस्तू होती. ती कुठे शोधायची हे जाणणारं माणूस कमी होत चाललंय.

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात आहेत. चांगली गोष्ट आहे, मी टाळ्या वाजवल्या. पण त्याच सरकारचा दुसरा हात काय करतो? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. आमच्या जीपची पाळी २००१, २००६, २०११, २०१६, २०२१ अशी येत आली आणि आता २०२६. पूर्वी याला सहाशे रुपये पडायचे. १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या गाड्यांना दहा हजार केले. पैसे मी भरीन, प्रश्न तो नाही. ही फी वयाकडे बघून लावली जाते. गाडी वर्षाला किती पळते, ब्रेक लागतात की नाही, मालक तिची निगा राखतो की नाही, याचा फीशी संबंध नाही. माझी जीप वर्षाला हजार किलोमीटरही होत नाही. पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी विंटेजचा मान दिला, पण मग ती रोज रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शनाला न्यायची. म्हणजे चाळीस वर्षांची गाडी ना नवी, ना मानाची. आणि पन्नाशी गाठली तर तिने काम सोडून नुसतं नटून बसायचं. वयस्कर माणसांचंही असंच करतात म्हणा.

हे झालं बाहेरच्यांवर. आता स्वतःच्या पेशावर येतो, कारण खरा राग तिथे आहे.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली. हाताला काम आणि त्यातून शिक्षण. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं आणि त्यातून शाळांत कार्यानुभव आला. कागद उत्तम होता. मी ज्या शाळेत होतो तिथे कार्यानुभवाचा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असे. त्यात आम्ही काय करायचो? क्रेप कागदाची फुलं. काड्यापेट्यांची घरं, आइस्क्रीमच्या काड्यांची पेनस्टँड. तीही मुलांच्या आया घरी करून द्यायच्या. बरेचदा त्या तासाला गणिताचा मागे पडलेला भाग उरकला जायचा. शाळेच्या कपाटात एक हत्यारांची पेटी होती, कुणीतरी देणगी दिलेली. हरवली तर भरून कोण देणार म्हणून तिला कुलूप. मी त्या शाळेत होतो तितकी वर्षं ती पेटी उघडलेली मला आठवत नाही. वर्षाअखेरीला मी रजिस्टर भरायचो, सगळ्यांना 'अ' श्रेणी. खाली सही माझी.

आणि तोंडाने काय सांगायचो? "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने पुसत बसशील." हे वाक्य मी किती वर्गांत, किती मुलांना उद्देशून म्हटलं असेल त्याला गणती नाही. मी ते म्हणत होतो तेव्हा माझी पुतणी आमच्याकडे राहून त्याच शाळेत शिकत होती. दोन वर्षं ती माझ्याच वर्गात, खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर. तिची फी, वह्या, गणवेश, सगळं एका पाने पुसणाऱ्या माणसाच्या कमाईतून येत होतं. ती कधी काही बोलली नाही. मलाही ते तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते याच वर्षी, गोणपाटावर उताणा पडलेला असताना.

अपवाद होते आणि आहेत. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातली मुलं हाताने कामं करत शिकू शकतात हे करून दाखवलं. ते आमच्याच जिल्ह्यात. मी तिथे कधी गेलो नाही. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायशिक्षण आहे, दहा दप्तरमुक्त दिवस आहेत. दहा दिवसांत एक गंजलेला बोल्ट सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण हत्यारांच्या पेटीचं कुलूप निघालं तरी खूप झालं.

भाषेबद्दलही बोलतो, तो माझा विषय. या गाडीचं दुरुस्तीचं पुस्तक पुतणीच्या नवऱ्याने कुठूनतरी मिळवून छापून आणून दिलं. इंग्रजी, दोनशेच्यावर पानं. माझं इंग्रजी म्हणजे बीएला पास होण्यापुरतं. मी शब्दकोश उघडून एकेक ओळ वाचली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी गल्लीत पेढे वाटले होते. त्या अभिजात भाषेत, महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत चाळीस वर्षं धावलेल्या जीपचं चाक कसं काढायचं, हे सांगणारं एक पुस्तक मला मिळालं नाही. राज्याच्या भाषा संचालनालयाने यंत्र अभियांत्रिकीचा परिभाषा कोश काढलेला आहे. त्यातले शब्द गॅरेजात पोचले नाहीत, आणि गॅरेजातले आटे, सूत, घोडी, चकती हे शब्द पुस्तकात आले नाहीत. मिस्त्रीला सगळं येतं पण ते लिहीत नाहीत. मला लिहिता येतं पण मला काही येत नाही. मधल्या मधे सगळं ज्ञान भंगारवाल्याच्या काट्यावर.

पुस्तकात एक सोय होती. चकत्यांची जाडी बरोबर जमली का हे स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघायचं. सांधा वळवायला काट्यावर किती जोर लागतो त्यावरून कळतं. शाळेतल्या विज्ञानाच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मी काटा आणला. जुन्या चकत्यांतल्या अर्ध्या गंजून काढतानाच फाटल्या होत्या, उरलेल्यांवर भागवलं, ओढून पाहिलं, आकडा बरोबर आला. काय तो आनंद! सगळं बसवलं, गाडी बाहेर काढली, आणि पन्नासच्या वेगात, पहिल्याच खड्ड्याला, चाकं पुन्हा नाचली.

मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "मापताना सील बसवलेलं होतं का?" होतं. सीलचं रबर सांध्याला आवळून धरतं, त्यामुळे काट्यावर दिसलेला जोर निम्मा सीलचाच होता. बेअरिंग सैलच होतं. पुस्तकात तसं लिहिलेलं होतं. आधीच्या पानावर, तळाला, बारीक अक्षरांत. मुलांना मी आयुष्यभर सांगत आलो की प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचावी. तर अशा रीतीने उजवं चाक दुसऱ्यांदा घोडीवर आलं आहे. डावं अजून एकदाही उघडलेलं नाही.

चकत्या हव्यात. नाना पेठेतल्या त्या दुकानदाराकडे नाहीत. भोरचा लेथवाला म्हणाला, पितळी पत्रा आणून द्या, कापून देतो, पण कुठल्या जाडीच्या किती ते तुम्ही सांगा. ते मला सांगता येईना. शेवटी परवा रात्री पुतणीला फोन केला. ती आता साताऱ्याला नर्स आहे. तिला डब्याची गोष्ट मी आजवर सांगितलेली नव्हती. ती सांगितली. भंगारवाल्याचंही सांगितलं.

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तात्या, त्या चकत्या मीच ओवायचे. बाबा गाडीखालून हात बाहेर काढायचे आणि मी द्यायचे. डोळे मिटून बोटाने जाडी ओळखायची, असा आमचा खेळ होता."

रविवारी तिला सुट्टी आहे, सकाळच्या गाडीने येते म्हणाली. डावी बाजूही तेव्हाच उघडू. तोवर पितळी पत्रा आणून ठेवायला सांगितलाय, तीन जाडींचा, आणि साडेचार सुताचा एक चांगला रिंगपाना.